आरंभीची शिल्लक

या वर्षावासात मुरबाड तालुक्यातल्या एका विहारात आम्ही गेलो होतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे त्या दिवसाचे वाचन संपले, सरणत्तय झाले, आणि नेहमीप्रमाणे चहाबरोबर चर्चा सुरू झाली. बाहेर पाऊस कोसळत होता, त्यामुळे कोणाला घरी जाण्याची घाई नव्हती. मागच्या भिंतीला टेकून एक तरुण बसला होता. तो उल्हासनगरला कापडाच्या दुकानात कामाला जातो. बराच वेळ गप्प बसून तो एकदम म्हणाला, “काका, एक विचारू का? आमच्या शेठचा आजा फाळणीत नेसत्या कपड्यांनिशी सिंधमधून आला. माझा आजा त्याच सुमारास आपल्या गावातून अंबरनाथला कामाला गेला. तोही नेसत्या कपड्यांनिशीच. दोघेही परक्या गावात उपरे. आज शेठची तीन दुकाने आहेत आणि आम्ही अजून एका खोलीत राहतो. वर मी त्याच्याच दुकानात कापड मोजतो. असे का झाले? आमच्यात काही कमी आहे का?”

विहारात क्षणभर शांतता पसरली. मग उत्तरे धडाधड आली. एक म्हणाला, दारूने आपला घात केला. दुसरा म्हणाला, आपल्यात एकी नाही. तिसऱ्या गृहस्थांनी निर्वाळा दिला की, धंदा हा त्यांच्या रक्तातच आहे, आपल्या रक्तात नाही.

पहिल्या दोन उत्तरांत थोडे तथ्य आहे, त्याकडे आम्ही पुढे येऊच. पण तिसरे उत्तर ऐकून आम्हांला वाईट वाटले. गुण रक्तात असतात, जन्माने ठरतात, हेच तर आपल्याला दोन हजार वर्षे सांगितले गेले. ते खोटे ठरवण्यात बाबासाहेबांचे आयुष्य गेले. आणि त्यांच्याच तसबिरीखाली बसून आपण ते पुन्हा म्हणावे?

त्या तरुणाला त्या दिवशी आम्ही नीट उत्तर देऊ शकलो नाही. आमचा पेशा कारकुनाचा. हिशेबाची वही समोर असल्याशिवाय आम्हांला बोलता येत नाही. म्हणून घरी येऊन वही मांडली. कोणतीही खातेवही उघडली की पहिली ओळ असते ‘आरंभीची शिल्लक’. मागील पानावरून पुढे काय आले, ते तिथे लिहितात. ती ओळ न वाचता फक्त शेवटची बेरीज पाहिली, तर कोणताही हिशेब फसतो. आज आपण दोन घरांच्या वह्या वाचू. शेवटी तिसरी एक वही आहे, ती वाचणे आम्हांला जड जाणार आहे.

त्यांची वही

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने कल्याणजवळ लष्करासाठी मोठी छावणी बांधली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत ठेवण्यात आले. सुमारे एक लाख माणसे तिथे राहिली. एकेका बराकीत अनेक कुटुंबे, मध्ये गोणपाटाचे पडदे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि तिचे नाव उल्हासनगर पडले. आजही जुनी माणसे तिला ‘कॅम्प’च म्हणतात.

त्या लोकांचे दुःख खरे होते. घर, जमीन, पेढी सारे मागे टाकून ते आले. ‘निर्वासित’ हा शब्द त्यांना शिवीसारखा ऐकावा लागला. त्यांच्या बायकांनी बराकीच्या दारात पापड लाटले, पुरुषांनी आणि पोरांनी लोकलच्या डब्यांत फिरून गोळ्या, बिस्किटे, कापड विकले. दुसरा जिथे रुपयाला चार आणे नफा घेई, तिथे त्यांनी एक आणा घेतला. मालाची नक्कल करून त्यावर ‘मेड इन यू.एस.ए.’ लिहितात आणि तो यू.एस.ए. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असा विनोद आपण सर्वांनी ऐकला आहे. विनोद बाजूला ठेवा. त्यांचे कष्ट नाकारण्याचे काही कारण नाही.

पण त्यांची आरंभीची शिल्लक पाहा. खिसा रिकामा होता, वही रिकामी नव्हती. सिंधमध्ये हिंदू हे लोकसंख्येच्या सुमारे चौथा हिस्सा होते, पण व्यापार, सावकारी आणि सरकारी नोकऱ्यांत त्यांचे वजन मोठे होते. शिकारपूरच्या पेढ्यांच्या हुंड्या मध्य आशियापर्यंत चालत. हैदराबाद सिंधच्या व्यापाऱ्यांची दुकाने फाळणीच्या कितीतरी आधी पूर्वेला आणि पश्चिमेला बंदराबंदरांत उघडलेली होती. म्हणजे लिहिता-वाचता येणे, हिशेब येणे, माल कोठून उचलावा हे माहीत असणे आणि मुंबईत किंवा परदेशात कोणीतरी चुलता-मामा पेढीवर बसलेला असणे, एवढे सारे त्यांनी बरोबर आणले. हे सामान सरहद्दीवर कोणी हिसकावून घेऊ शकत नाही.

दुसरी जमा बाजू सरकारची. निर्वासितांना धंद्यासाठी कर्ज देण्याकरिता केंद्र सरकारने १९४८ साली कायदा करून स्वतंत्र वित्त प्रशासन नेमले. मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवण्यासाठी १९५० साली, आणि नुकसानभरपाई व पुनर्वसनासाठी १९५४ साली कायदे झाले. जे गमावले त्याची किंमत सरकारने कागदावर मान्य केली. पुष्कळांना राहत्या जागाच त्या दाव्यांपोटी मालकीच्या झाल्या. हे योग्यच झाले. संकटात सापडलेल्या माणसाला सरकारने असेच उभे केले पाहिजे.

तिसरी जमा बाजू कोणत्याही वहीत लिहीत नाहीत. ती म्हणजे, त्यांच्या हातचा पापड लोक विकत घेत होते. लोकलमध्ये सिंधी पोराकडून गोळी घेताना कोणी जात विचारली नाही. त्याला निर्वासित म्हणून हिणवले असेल, पण त्याच्या हाताने माल बाटत नव्हता.

आणि एक गोष्ट त्या तरुणाला सांगायची राहून गेली. आपण फक्त रस्त्यावरचे झगझगीत दुकान पाहतो. कॅम्पच्या आतल्या गल्लीत जुन्या बराकीच्या खोलीत राहून शिलाई मशीनवर दिवसभर पाय मारणारे सिंधी कुटुंब आपल्याला दिसत नाही. सगळेच शेठ झाले नाहीत.

आपली वही

आता आपली वही उघडू. शहापूर-मुरबाड हा भाताचा मुलूख. पावसाळ्यात एक पीक, वरकस माळावर नागली-वरी, आणि मग आठ महिने हाताला काम नाही. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा धरण १८९२ साली आपल्या शहापूर तालुक्यात झाले. पुढे मोडकसागर आणि भातसा झाले. तरी उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. पाणी खाली मुंबईकडे गेले, त्याच्या मागोमाग माणसेही गेली.

आपले आजे-पणजे गेले ते कुठे? रेल्वेच्या गँगमध्ये, कल्याणच्या लोकोशेडमध्ये, अंबरनाथच्या कारखान्यांत, गोदीत, नगरपालिकेच्या झाडूखात्यात आणि मुंबईच्या गिरण्यांत. गिरणीतही विणकाम खात्याची दारे आपल्याला बंद होती. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, मग अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा इतरांनी कसा धरायचा, हे कारण. जास्त पगार त्याच खात्यात होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. कामगार-कामगार एक, असे म्हणणाऱ्यांच्या गिरणीतही आपल्या माणसाची वही वेगळी होती.

बरे, नोकरी नको, धंदा करू म्हटले तर? त्या तरुणाच्या आजाने १९४९ साली अंबरनाथ स्टेशनबाहेर भज्यांची गाडी लावली असती, तर त्याची जात कळल्यावर किती गिऱ्हाइके थांबली असती? ज्या काळात गावच्या हॉटेलात आपली कपबशी वेगळी ठेवत आणि ती आपल्यालाच विसळावी लागे, त्या काळात आपल्या हातची भजी कोण खाणार होते? भांडवल म्हणजे केवळ पैसा नव्हे. पत हे मोठे भांडवल आहे. आपल्या नावापुढे पत नव्हती, विटाळ होता. आरंभीची शिल्लक शून्य असती तरी चालले असते. आपली उणे होती.

जमीन होती का? महार वतनाची होती. त्या वतनाच्या बदल्यात गावची वेठ होती. ती बेडी तोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली, तो कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला. पण जमीन परत नावावर करून घेण्यासाठी आकाराच्या पटीत रक्कम मुदतीत भरायची होती. कित्येक घरांना ते कळलेच नाही, आणि ज्यांना कळले त्यांच्याकडे पैसे नव्हते. निर्वासितांना गमावलेल्याची भरपाई मिळाली. पिढ्यान्‌पिढ्या जी वेठ आपण केली, तिचा दावा मात्र कोणत्याच कचेरीत दाखल झाला नाही.

फाळणीतसुद्धा दोन प्रकारचे निर्वासित होते, हे आपल्या घरांत सांगितले पाहिजे. सिंध-पंजाबात आपल्यासारखे अस्पृश्यही होते. त्यांतल्या सफाई कामगारांना पाकिस्तान सरकारने जाऊ दिले नाही. ते गेले तर शहरे झाडणार कोण? डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून या लोकांच्या सुटकेची मागणी केली. व्यापारी निघून गेला तर चालेल, पण झाडूवाला जाता कामा नये. ज्याचे काम हलके मानले, त्यालाच अडकवून ठेवले. आरंभीच्या शिल्लकेचा याहून स्पष्ट दाखला आम्हांला माहीत नाही.

मग आपल्या वहीत जमा काहीच नाही का? आहे, आणि पुष्कळ आहे. बाबासाहेबांनी दाखवलेली शाळा ही पहिली जमा. कायम नोकरीचा पगार, प्रॉव्हिडंट फंड आणि पेन्शन ही दुसरी. गँगमनचा मुलगा कारकून झाला, कारकुनाची मुलगी परिचारिका किंवा शिक्षिका झाली. आणि १९५६ ची धम्मदीक्षा हीदेखील आम्ही जमेच्या बाजूलाच लिहितो. देव्हारे उतरले, नवसाचे बकरे थांबले, देवऋष्याची दक्षिणा थांबली. तो पैसा पोराच्या पुस्तकांकडे वळला. धर्मांतर हा मनाचा बदल होता, तसा तो घरखर्चातलाही बदल होता.

त्याची किंमतही आपण मोजली. बौद्ध झालो म्हणून केंद्र सरकारच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या दिल्या, पण केंद्राच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडले. मधली चौतीस वर्षे म्हणजे एक संपूर्ण पिढी. शिवाय आपला पाया नोकरीवर होता, म्हणून नोकरी गेली की घरच खचले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि कितीतरी घरे मोडली. २००९ मध्ये मोहन्याची एन.आर.सी. कंपनी बंद पडली. दुकानदाराचे एक दुकान बसले तर भाऊबंद दुसरे उघडून देतात. कामगाराचे गेट बंद झाले की भाऊबंदही त्याच गेटबाहेर उभे असतात.

म्हणून त्या तरुणाला आमचे उत्तर असे. बाळा, तुझ्या आजाने काही कमी केले नाही. शेठच्या आजाने शून्यापासून सुरुवात केली असे दिसते, पण ते शून्य नव्हते. तुझ्या आजाने उण्यापासून सुरुवात करून तुला शून्याच्या वर आणून सोडले. दोघांच्या चालण्याचे अंतर मोजशील तर तुझा आजा मागे नाही.

एका दूरच्या देशाची गोष्ट

हे आपल्याकडेच घडते असे नाही. दक्षिण अमेरिकेत गयाना नावाचा छोटा देश आहे. गुलामांची सुटका झाल्यावर तिथल्या उसाच्या मळ्यांवर राबायला इंग्रजांनी १८३८ पासून १९१७ पर्यंत हिंदुस्थानातून मजूर नेले. पाच वर्षांचा करार, त्यावर अंगठा. त्या ‘ॲग्रीमेंट’चे त्यांनी ‘गिरमिट’ केले आणि ते स्वतः गिरमिटिये झाले. त्यांचे पणतू १९६५ नंतर अमेरिकेचा कायदा बदलल्यावर न्यूयॉर्कला जाऊ लागले. या वेळी त्यांच्याजवळ शाळेत शिकलेली इंग्रजी होती, काहींजवळ शिक्षिकेचे किंवा परिचारिकेचे प्रशिक्षण होते. भाऊ-भाऊ मिळून घर घ्यायचे, वरच्या मजल्यावर राहायचे, खालचा भाड्याने द्यायचा, असे करून त्यांनी तिथे जम बसवला. कुळ तेच. पण अंगठा देऊन निघालेल्या पणजोबाचे आणि प्रमाणपत्र घेऊन निघालेल्या पणतीचे नशीब वेगळे. मधल्या पिढ्यांत रक्त बदलले नाही, सोबत न्यायचे सामान बदलले.

तिसरी वही

इथे लेख संपवता आला असता. पण गिरमिटाचा विषय निघाला आणि आम्हांला आमच्याच हाताने लिहिलेली एक वही आठवली. ती आम्ही आजवर कोणाला दाखवलेली नाही.

कॉलेजात बी.कॉम. करताना दोन हंगाम आम्ही काळू नदीकाठच्या एका वीटभट्टीवर हिशेब लिहायला जात होतो. भट्टीवर राबणारी माणसे कातकरी. शहापूर-मुरबाडच्या डोंगराकडच्या वाड्यांतून आलेली. पूर्वी खैराचा कात पाडणारी ही जमात. जंगल गेले, कात गेला, नुसते नाव राहिले. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम येऊन बयाणा देतो. दिवाळी झाली की नवरा-बायको, पोरे, कोंबड्या आणि भांडी टेम्पोत घालून भट्टीवर. तिथे पाचटाचा भोंगा बांधायचा आणि पहाटे तीनपासून गारा तुडवून साच्यातून विटा पाडायच्या. पावसाच्या तोंडाशी परत.

हिशेब कसा चालतो तो वाचकांनी समजून घ्यावा. खालचे आकडे केवळ समजण्यापुरते धरले आहेत. समजा, जोडप्याने २५,००० रुपये बयाणा घेतला. हजार विटांना ७०० रुपये दर. रोज हजार विटा, आठवड्याला पाच दिवस, असे २४ आठवडे. विटा झाल्या १,२०,०००, मजुरी ८४,०००. आठवड्याच्या बाजाराला खर्ची २,००० प्रमाणे ४८,००० गेले. उरले ३६,०००. त्यातून बयाणा वजा केला की हातात ११,००० यायला हवेत. पण अवकाळी पावसात कच्च्या १०,००० विटा भिजल्या, त्या मजुराच्या नावे, ७,००० गेले. आठ दिवस बाई तापाने पडली, तेवढ्या विटा कमी, म्हणजे ५,६०० गेले. आता शिल्लक उणे १,६००. सहा महिने दोन माणसे आणि त्यांची पोरे राबली, आणि भट्टी सोडताना ती शेठचे देणेच लागतात. हीच त्यांची पुढच्या हंगामाची आरंभीची शिल्लक. पाऊस पडला तो मजुराच्या नावे, ताप आला तो मजुराच्या नावे. नफा तेवढा शेठच्या जमेला.

त्या भट्टीवर एका जोडप्याची दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. आई-बाप विटा पाडत, ती उन्हात त्या उलटवत असे. तिला लिहिता येत नव्हते. पण रोज संध्याकाळी ती भोंग्याजवळच्या एका फळकुटावर कोळशाने रेघा ओढी. हजाराला एक रेघ. हंगाम संपल्यावर हिशेबाच्या दिवशी ती ते फळकूट घेऊन आमच्यासमोर आली आणि म्हणाली, “दादा, तुझ्या वहीत सहा कमी हायत.”

सहा म्हणजे सहा हजार विटा. मोजणी मुकादम करीत असे आणि आम्ही तो सांगेल तो आकडा लिहीत असू. तो हात आखडून मोजतो, हे आम्हांला माहीत होते. आम्ही तिच्या फळकुटाकडे पाहिले, मुकादमाकडे पाहिले आणि म्हणालो, “वही खोटं बोलत नाही.” तिच्या बापाने तिला हाताला धरून मागे ओढले. खाली अंगठा उमटला.

त्या वर्षाची आमची परीक्षेची फी त्या पगारातून भरली गेली. घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. शिक्षण हे वाघिणीचे दूध आहे असे आपण म्हणतो. ते दूध पिऊन आम्ही कोणावर गुरगुरलो? शेठवर नाही, मुकादमावर नाही. दहा वर्षांच्या पोरीवर.

ती मुलगी आज पस्तिशीच्या आसपास असेल. तिची मुलगीही कुठल्या भट्टीवर विटा उलटवत असेल का, हा विचार आम्हांला सोडत नाही. जे आपल्या आजाच्या बाबतीत सवर्णांनी केले, तेच आपल्यातला शिकलेला माणूस कातकऱ्याच्या बाबतीत करू शकतो, हे आम्ही स्वतःच्या उदाहरणावरून सांगतो आहोत. आज आपल्यातली काही मुले मुकादमकीत शिरली आहेत. तथागतांनी उपासकाला ज्या पाच व्यापारांपासून दूर राहायला सांगितले, त्यांत माणसांचा व्यापार आहे. बयाणा देऊन माणूस बांधून घेणे हा माणसांचाच व्यापार आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तो गुन्हाही आहे. सिंधी शेठने आपल्याला कमी लेखले म्हणून दुखावणाऱ्या समाजाने कातकऱ्याला ‘काथोडी’ म्हणून हिणवावे, हे कोणत्या धम्मात बसते?

आता काय करायचे

नुसते हळहळून वही जुळत नाही. तीन गोष्टी आम्ही सुचवतो.

पहिली घरातली. प्रत्येक घरात एक वही असावी आणि ती शक्यतो घरातल्या बाईच्या हाती असावी. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक उपभोगाला, दोन उद्योगाला, चौथा अडीअडचणीसाठी. आपल्याकडे आज पहिला भागच चारही भाग गिळतो. बकरे आणि नवस बंद केले, आणि त्या जागी हळदीचा डीजे, वाढदिवसाचे बॅनर आणि हप्त्यावरची मोटारसायकल आली. दारूबद्दल त्या दिवशी विहारात जे बोलले गेले, ते इथे लागू आहे. हा खर्च कोणी आपल्यावर लादलेला नाही.

दुसरी विहारातली. एकी नाही, असे म्हणणाऱ्यांना आमची विनंती आहे की, एकी भाषणातून येत नाही, ती व्यवहारातून येते. सिंधी माणसाच्या चुलत्याने त्याला पहिला माल उधार दिला, हीच त्यांची एकी. आपल्या गावोगाव महिलांचे बचत गट आहेत. त्यातून मुलाच्या फीला, आजारपणाला आणि कोणी दुकान टाकत असेल तर त्याला कमी व्याजाने पैसे मिळावेत. आणि आपल्या माणसाने किराणा दुकान टाकले तर उधारीपुरते त्याच्याकडे आणि रोखीला दुसरीकडे, असे करू नये. त्या तरुणाला कापड कळते, गिऱ्हाईक कळते. उद्या त्याने मुरबाडच्या बाजारात स्वतःचा गाळा घ्यायचा म्हटले, तर त्याच्या मागे उभे राहणारी पाच घरे आपल्या विहारात आहेत का? त्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्याच्या आजाच्या वहीत होते. उरलेले अर्धे आपल्या हातात आहे.

तिसरी भट्टीवरची. दिवाळी होताच भट्ट्या लागतील. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या होत्या. आपल्याला एवढे मोठे काम जमले नाही तरी दोन गोष्टी जमतील. गावाजवळच्या भट्टीवर आलेली पोरे जवळच्या शाळेत नेऊन बसवायची. आणि प्रत्येक जोडप्याला एक छोटी वही द्यायची. दर रविवारी आपल्या दोन शिकलेल्या मुला-मुलींनी जाऊन त्यात विटांचा आणि खर्चीचा आकडा लिहून द्यायचा, त्यांना वाचून दाखवायचा. हंगामाच्या शेवटी शेठच्या वहीसमोर त्यांची वही उभी राहील. हिशेब जुळला नाही तर तहसील कचेरीत त्यांच्याबरोबर जायचे. भांडण नको, घोषणा नको. फक्त वही.

हे आम्ही त्या विहारात बोललो तेव्हा तो कापड मोजणारा तरुण आणि दोन मुली पुढे आल्या. रविवारी त्यांना सुट्टी नसते, म्हणून त्यांनी संध्याकाळची वेळ ठरवली आहे. वह्यांचे पैसे बचत गटाच्या बायांनी दिले. आम्हीही जाणार आहोत. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर आरंभीची शिल्लक म्हणून काय लिहायचे, असे त्यांतल्या एका मुलीने आम्हांला विचारले.

आम्ही तिला सांगितले, बयाणा किती घेतला तो लिही. आणि त्याच्या खाली, ‘येणे सहा हजार विटा’ असेही लिही. ते आमच्या नावे टाक.

जयभीम.